ब्लाउज छातीत बसत नाही? बाजूची शिवण उसवू नका, टक बदला

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ब्लाउजांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: छातीत घट्ट होतो. आणि बहुतेकांवर एक उपाय आधीच झालेला असतो. कुणीतरी बाजूची शिवण उसवून आतली माया, म्हणजे शिवणीत जादा ठेवलेलं कापड, सोडलेली असते. त्याने पाठीत आणि काखेत झोळ येतो, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) ढगळ होतो, पण समोरच्या हुकांची ओढ जिथल्या तिथेच राहते. कापड कमी पडलेलं असतं छातीच्या उंचवट्यावर, आणि काखेखाली सोडलेलं कापड तिथवर पोचत नाही. तिथे कापड पोचवण्याचं काम टकचं, म्हणजे कापडात शिवलेल्या निमुळत्या घडीचं आहे.

मी साताऱ्यात घरीच शिवणक्लास घेते. क्लासला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्यांदा कागदाचा एक गोल कापायला लावते. गोलाच्या कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्यायचा आणि कापाच्या दोन कडा एकमेकींवर सरकवायच्या. सपाट कागद फुटाण्याच्या पुडीसारखा उभा राहतो. कडा जास्त सरकवल्या की उंचवटा वाढतो, कमी सरकवल्या की उतरतो. काप वरून दिला, खालून दिला, बाजूने दिला तरी टोक मध्यावरच येतं. टकबद्दल जे समजून घ्यायचं ते सगळं एवढ्यात आहे. टक किती रुंद, यावर छातीला जागा किती मिळणार ते ठरतं. टकचं टोक कुठे, यावर ती जागा कुठे मिळणार ते ठरतं. टक कुठल्या कडेतून निघतो, हा फक्त दिसण्याचा आणि सोयीचा भाग.

आपल्या नेहमीच्या चार टकच्या ब्लाउजमध्ये एक टक खालून वर येतो, एक हूकपट्टीकडून आडवा, एक बाजूच्या शिवणीतून आणि एक मुंढ्यातून. चौघांचा रोख एकाच बिंदूकडे, म्हणजे छातीच्या सगळ्यात उंच जागेकडे. कागदावर मी चारही रेषा त्या बिंदूपर्यंत ओढते आणि मग टोकं मागे घेते: खालचा टक बिंदूच्या अर्धा ते पाऊण इंच अलीकडे थांबतो, बाकीचे साधारण इंचभर अलीकडे. छाती भरदार असेल तर सगळीच टोकं आणखी मागे, सव्वा ते दीड इंचापर्यंत. टोक थेट बिंदूवर नेलं तर ब्लाउजला तिथे चोच येते, आणि साडीच्या पातळ पदराखाली ती लपत नाही.

आता मापं. छातीचं एकच माप घेऊन त्याला चारने भागायची जी पद्धत आहे, ती बऱ्याच जणींना चालते. पण ३८ छातीच्या दोन बायका घ्या. एकीची पाठ रुंद, दुसरीची पाठ अरुंद आणि छाती भरलेली. टेप दोघींना ३८च दाखवतो आणि चार्ट दोघींना एकच ब्लाउज देतो. पहिलीला तो बसेल. दुसरीला खांद्यावरून घसरेल, मुंढ्यात सैल होईल आणि हुकांशी मात्र ताणेल. म्हणून छातीची तीन मापं घ्या. पहिलं वरच्या छातीचं, काखेतून, उंचवट्याच्या वरून. दुसरं भर छातीचं, सगळ्यात उंच जागेवरून. तिसरं खालच्या छातीचं, जिथे ब्लाउजचा पट्टा बसतो तिथलं. टेप पाठीमागे खाली ओघळतो, तो आरशात बघून किंवा दुसऱ्या कुणाकडून सरळ करून घ्या. हात खाली, श्वास नेहमीसारखा.

याशिवाय दोन मापं टकची. खांदा मानेला जिथे मिळतो तिथून बिंदूपर्यंतची उंची, आणि दोन बिंदूंमधलं अंतर. ही मापं ज्या ब्रावर ब्लाउज घालणार तीच घालून घ्यायची. हे मी अगदी आग्रहाने सांगते. जुनी सैल झालेली ब्रा घालून माप दिलं आणि लग्नात नवी घट्ट ब्रा घातली, तर बिंदू सहज पाऊण इंच वर सरकतो. मग टक खाली आणि छाती वर, आणि दोष येतो शिवणारीवर.

आता हिशेब. बाहेरच्या देशातल्या मोठ्या कंपन्यांचे तयार पेपर पॅटर्न साधारण बी कपवर बेतलेले असतात, म्हणजे वरची छाती आणि भर छाती यांत २ इंचांचा फरक धरलेला असतो. मी आपल्या चार्टलाही हेच धोरण लावते. वरच्या छातीत २ मिळवायचे आणि त्या आकड्याचा कागद, म्हणजे पॅटर्न, काढायचा. उदाहरणार्थ, वरची छाती ३६ आणि भर छाती ४०. कागद काढायचा ३८चा. म्हणजे खांदा, गळा, मुंढा तिच्या हाडापेराला बसणारे येतात. भर छातीत कमी पडले २ इंच. पुढचे भाग दोन, म्हणून प्रत्येक भागात १ इंच वाढवायचा, तोही फक्त टकच्या जागी. पाठीला हात लावायचा नाही. भर छातीच्या मापावर थेट ४०चा कागद काढला असता, तर खांदा आणि मुंढाही मोठे झाले असते, आणि मग सगळा ब्लाउज आत घेत बसायची वेळ आली असती.

कागद झाला की चांगल्या कापडाला कात्री लावायची घाई करू नका. मांजरपाट घ्या, धुऊन इस्त्री केलेला. पुढचे दोन भाग आणि पाठ, एवढंच कापा. बाही नको, अस्तर नको. लांब टाक्याची टीप मारा म्हणजे उसवायला सोपं, आणि समोर टाचण्या लावून अंगावर चढवा. मग आरशासमोर उभं राहून आधी फक्त बघा. पेनने बिंदूची खरी जागा कापडावर टिंब देऊन ठेवा.

चुण्या काय सांगतात ते वाचायला शिकलं की अर्धं काम झालं. छातीच्या उंचवट्याकडे रोख असलेल्या, ताणलेल्या चुण्या म्हणजे तिथे कापड कमी आहे. सैल, लोंबणाऱ्या चुण्या म्हणजे जास्त आहे. माझ्याकडे एक बँकेत काम करणाऱ्या ताई येतात. त्यांचा तिसरा आणि चौथा हूक यांच्यामध्ये नेहमी फट पडायची, म्हणून त्या तिथे आतून सेफ्टी पिन लावत. बाकी सगळे हूक व्यवस्थित. ब्लाउज कमरेत सैल, पाठीत सैल. त्यांना घातलेल्या ब्लाउजवर मी बोट फिरवून दाखवलं: फटीपासून दोन चुण्या थेट बिंदूकडे जात होत्या, आणि खालचा पट्टा समोरून वर चढून छातीच्या पोटाशी आडवा बसला होता. रुंदी कमी पडते तेव्हा हूक ताणतात. लांबी कमी पडते तेव्हा पट्टा वर चढतो. उंचवट्यावरून जाणाऱ्या कापडाला दोन्ही दिशांनी जास्त जागा लागते, हे विसरलं जातं, आणि मग नुसती रुंदी वाढवून पट्टा वरच राहतो.

टकच्या टोकाच्या वर छाती घट्ट आणि टोकाशी रिकामा फुगा, असं असेल तर टोक खाली आहे. टोकाखाली छाती भरलेली आणि टोकावर कापड पोकळ, तर टोक वर आहे. गळा समोरून फाकत असेल, किंवा मुंढ्याची पुढची कड हाताच्या घडीशी उभी राहत असेल, तर बहुतेक वेळा गळा किंवा मुंढा चुकलेला नसतो. छातीला टक पुरेसा नसल्याने कापड वाट काढून कडेला गोळा झालेलं असतं.

सगळ्यात सोपी दुरुस्ती टोक वर-खाली करण्याची. यात टकची रुंदी योग्य आहे, जागा फक्त चुकली आहे. वय वाढतं, बाळंतपण होतं, वजन कमी-जास्त होतं, बिंदू सरकतो. जुन्या मापाच्या ब्लाउजवरून नवा शिवायला देणाऱ्या बायकांमध्ये हा प्रकार फार दिसतो. कागदावर चारही टकची टोकं मावतील असा एक चौकोन आखा, उभ्या-आडव्या रेषा काटकोनात ठेवा, चौकोन कापून वेगळा करा आणि जितकं हवं तितकं खाली सरकवून चिकटवा. वरच्या फटीत कागदाचा तुकडा लावा. मग प्रत्येक टकच्या दोन्ही रेषा नव्या टोकापासून कडेपर्यंत पुन्हा जोडून घ्या. दोन सूत सरकवलं तरी फरक दिसतो. (इंचाचे सूत आठ, म्हणजे दोन सूत म्हणजे पाव इंच.) एकाच वेळी इंचभर खाली न्यायची गरज वाटली तर आधी ब्राचा पट्टा तपासा. तो सैल असेल तर तो घट्ट करून पुन्हा माप घ्या.

आता छातीत जागा वाढवणं. ही कृती सावकाश वाचा, कागद समोर घेऊन बसा. पुढच्या भागाच्या कागदावर बिंदू ठळक करा. खालच्या टकच्या मधोमध एक उभी रेषा कागदाच्या तळापासून बिंदूपर्यंत ओढा. बिंदूपासून तीच रेषा तिरकी वळवून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात न्या. दुसरी रेषा बाजूच्या टकच्या मधोमध, बाजूच्या शिवणीपासून बिंदूपर्यंत. पहिली रेषा तळापासून कापत बिंदूपर्यंत या, तिथून मुंढ्याकडे जा, पण मुंढ्याच्या शिवणरेषेशी एक सूतभर कागद जोडलेला राहू द्या. दुसरी रेषा बाजूने कापत या आणि बिंदूपाशी सूतभर कागद सोडा. हे दोन जोड बिजागरी म्हणून काम करतात. तुटले तर चिकटपट्टी लावा, घाबरायचं कारण नाही.

खाली मोठा कागद अंथरा आणि हूकपट्टीकडचा भाग टाचण्यांनी पक्का करा. आता काखेकडचा भाग हलकेच बाहेर सरकवा, उभ्या कापाच्या दोन कडा समांतर राहतील आणि त्यांच्यात आपल्याला हवा तो १ इंच येईल असा. सरकवताना बघा, बाजूचा टक आपोआप जास्त उघडतो. तीच ती लांबी, जी त्या बँकेतल्या ताईंना कमी पडत होती. काखेकडचा तळ आता हूकपट्टीकडच्या तळापेक्षा खाली आला असेल. हूकपट्टीकडचा भाग बिंदूच्या खाली आडवा कापून, तो खालचा तुकडा दोन्ही तळ एका रेषेत येईपर्यंत खाली सरकवा आणि फट कागदाने भरा. सगळं चिकटवून टाका.

खालच्या कडेला आलेला जादा १ इंच खालच्या टकमध्ये मिळवायचा. पट्ट्याशी माप तेच राहिलं पाहिजे, वाढलेली जागा फक्त छातीवर. बाजूची शिवण टक मिटवल्यावर पूर्वीइतकीच भरते, म्हणून पाठ जशीच्या तशी जुळते. मिटवून, टेपने मोजून खात्री करा. खालचा टक आता फारच रुंद झाला, दोन इंचांच्या पुढे गेला, तर त्याचे दोन टक करा, जवळजवळ, दोन्ही बिंदूच्या रोखाने. किंवा सरळ कटोरी वा प्रिन्सेस कट घ्या. रुंद एकेरी टक कितीही नीट शिवला तरी टोकाशी फुगतो. भरदार छातीला मी स्वतः प्रिन्सेस कटच सुचवते. त्यात टक शिवणीत विरघळतो आणि नंतर सूतभर कमी-जास्त करणंही सोपं जातं.

छाती लहान असेल तर याच रेषा, याच कापांवर कागद एकमेकांवर चढवायचा. वरची छाती ३६, भर छाती ३७, कागद ३८चा, म्हणजे प्रत्येक भागात अर्धा इंच कमी. बाजूचा टक लहान होतो, कधी नाहीसाच होतो. होऊ द्या. पॅड घालून भरून काढायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. जिला हवं तिने जरूर घालावं, पण ब्लाउज अंगाच्या मापाचा हवा.

दोन्ही बाजू सारख्या नसणं अगदी सामान्य आहे. बायका हे दबक्या आवाजात सांगतात किंवा सांगतच नाहीत. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर डाव्या आणि उजव्या भागाचे कागद वेगळे काढा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. खांदा, गळा आणि पट्ट्याची रेषा दोन्हीकडे एकच, बदल टकपुरता. ब्लाउज समोरून सरळ दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गळा किंवा मुंढा उघडा पडत असेल तर मांजरपाटावर तिथेच चिमूट धरून टाचणी लावा. चिमटीत किती आलं ते मोजा. समजा मुंढ्याशी तीन सूत आलं. कागदावर मुंढ्याच्या त्या जागेपासून बिंदूपर्यंत रेषा ओढा, मुंढ्याशी तीन सूत आणि बिंदूशी शून्य असा निमुळता दुमडा घाला. हा दुमडा पडावा म्हणून खालचा टक बिंदूपर्यंत कापून मोकळा ठेवा. वर मिटेल तेवढा कोन खाली उघडेल. उघडलेलं माप तीन सूतच येईल असं मात्र समजू नका. कोन तोच राहतो, रुंदी लांबीप्रमाणे बदलते. बिंदूपासून तीन इंचांवर एक इंच असलेला टक साडेचार इंचांवर दीड इंच होतो. टक एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेताना जुनी रुंदी मोजून नव्या जागी तीच घालणं, ही चूक शिकाऊ मुलींच्या कागदावर मला सतत दिसते. मोजायचं नाही, कागद मिटवून जेवढं उघडेल तेवढं घ्यायचं.

कागद कापण्याआधी प्रत्येक टक शिवल्यावर पडेल तसा दुमडा, म्हणजे उभा टक मध्याकडे, आडवा टक खाली. दुमडलेल्या अवस्थेतच कड आखून कापा. उघडल्यावर टकच्या तोंडाशी छोटं टोक बाहेर आलेलं दिसेल. ते जास्तीचं वाटलं तरी कापू नका, शिवणीत कापड कमी पडतं ते तिथेच.

आता मशीनवर. टकच्या दोन्ही रेषा समान लांबीच्या हव्यात, मधली रेषा उभ्या किंवा आडव्या धाग्याशी कशी आहे ते दोन्ही भागांत सारखं हवं. अस्तर असेल तर अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवा, मग कापडावर ठेवून टकच्या मधल्या रेषेवर कच्चा धावदोरा घाला. दोन थर एकमेकांवरून सरकले की आत सुरकुती अडकते आणि ती कुठल्याही इस्त्रीने जात नाही.

टीप रुंद बाजूने सुरू करा, तिथे मागे-पुढे करून पक्की करा. टोकाकडे येताना टाका बारीक करा. शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेवर, घडीला समांतर चालले पाहिजेत, एकेका धाग्यावरून, आणि सुई अलगद कापडाबाहेर पडली पाहिजे. टोकाशी टीप मागे घ्यायची नाही. तिथे दोऱ्याचा गठ्ठा झाला की बाहेरून खळी दिसते. बोटभर दोरा ठेवून कापा, दोन दोऱ्यांची गाठ टोकाशी न ओढता बसवा. रुंद टकची रेषा टोकाशी जराशी आत वळवली, अगदी धाग्याएवढी, तर उंचवटा गोल येतो. सरळ रेघेत आणली तर टोकदार येतो.

इस्त्री सपाट टेबलावर टोकापर्यंत मारू नका. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर टक ठेवा आणि रुंद बाजूकडून टोकाकडे या. रेशमावर वरून सुती कापड घ्या. गुळेदगुड्डच्या खणावर किंवा जरीवर इस्त्री नेहमी उलट बाजूने. खणाची बारीक नक्षी टकमध्ये तुटते, त्याला इलाज नाही, पण दोन्ही बाजूंना ती सारख्याच जागी तुटेल एवढं कापतानाच जुळवून घेता येतं. काठाचा ब्लाउज असेल तर खालचा टक काठातून जाऊ देऊ नका. काठ पट्ट्यासाठी वेगळा काढा.

राहिला शिवून झालेला ब्लाउज. त्यात नवीन कापड येत नाही, त्यामुळे सगळं जमत नाही हे आधीच सांगते. टोकाशी फुगा असेल तर टक उसवून टोक अर्धा इंच लांबवा, निमुळतं करा. खालच्या टकचं टोक वर गेलं असेल तर तो अर्धा इंच आखूड करून पुन्हा शिवा. ही दोन कामं कुणीही घरी करू शकतं. छातीतच कमी पडत असेल तर बाजूची शिवण उसवावी लागते, पण तेव्हा माया फक्त पुढच्या भागाची सोडा. पाठीची शिवणरेषा होती तिथेच ठेवा, पुढच्या भागाची दोन ते तीन सूत बाहेर घ्या, आणि पट्ट्याशी येताना मूळ जागेवर मिळवा.  टू बाय टू किंवा साध्या सुती कापडावर जुन्या टाक्यांची भोकं धुतल्यावर बुजतात. रेशमावर ती दिसत राहतात, म्हणून पैठणीच्या ब्लाउजला हात घालण्याआधी आतल्या मायेवर दोन टाके उसवून, ओलसर कापडाने पुसून, भोकं जातात का ते बघा. गेली नाहीत तर टक तसाच राहू द्या आणि फक्त बाजूने जेवढं मिळेल तेवढं घ्या.